गाण्यांच्या सर्व्हरसाठी एसएसडी: वेगाला भुलू नका, जागा बघा

डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने जाहीर केलं, की 'क्रुशल' या नावाने सामान्य ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या रॅम आणि एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिप्समध्ये माहिती साठवणारी डिस्क) यांचा धंदा ती बंद करते आहे. कारण उघड होतं. एआयच्या डेटा सेंटर्सना मेमरी चिप्स हव्या आहेत आणि पैसा तिकडे जास्त आहे. त्याच सुमारास बाजारात मेमरीचे भाव चढू लागले. त्याआधी, १४ ऑक्टोबरला, विंडोज १०चा सपोर्ट संपला होता. म्हणजे एकीकडे घराघरांत धडधाकट असूनही 'जुने' ठरलेले लॅपटॉप, आणि दुसरीकडे महागलेल्या एसएसडी.

त्यातल्या एखाद्या लॅपटॉपवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटची प्रणाली, टाकून घरातली सगळी गाणी एका जागी ठेवावीत, असा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. खरेदीच्या पानावर मात्र ते अडतात. जेन ३, जेन ४, एनव्हीएमई, टीएलसी, क्यूएलसी, सेकंदाला ७,००० मेगाबाइट. यातलं गाण्यांना काय लागतं? माझ्या मते जवळजवळ काहीच नाही. गाण्यांसाठी नावाजलेल्या कंपनीची साधीसुधी एसएसडी पुरते. वेगासाठी मोजायचे पैसे जागेवर आणि दुसऱ्या प्रतीवर खर्च करावेत. का, ते आकड्यांनिशी बघू.

म्युझिक सर्व्हर म्हणजे नेमकं काय

नाव भारदस्त आहे, काम साधं. एका कॉम्प्युटरवर गाण्यांच्या फाइल्स असतात आणि एक प्रोग्रॅम त्यांची यादी ठेवतो: गायक, राग, अल्बम, मुखपृष्ठाचं चित्र. तुम्ही फोनवरून गाणं निवडता, सर्व्हर ते घरच्या वायफायवरून किंवा लॅनच्या वायरने हॉलमधल्या प्लेअरला पाठवतो. नॅव्हिड्रोम, जेलिफिन, लिरियन हे सगळे प्रोग्रॅम फुकट मिळतात. लिरियन म्हणजे आपलं जुनं लॉजिटेक मीडिया सर्व्हर. २०२४ मध्ये त्याचं नाव बदललं.

फोनवर सगळं मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. ज्यांच्याकडे फक्त अ‍ॅपवर मिळणारीच गाणी आहेत, त्यांनी खरंच करू नये. पण मामांनी गणेशोत्सवातल्या मैफलीत टेपरेकॉर्डरवर उतरवलेली कॅसेट कुठल्या अ‍ॅपवर मिळणार? शिवाय अ‍ॅपवरचे अल्बम हक्कांचे करार संपले की गुपचूप गायब होतात, ते वेगळंच.

गाण्याला वेग लागतो किती?

सीडीवरचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो. प्रत्येक मोजणी १६ बिटांची, आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट, म्हणजे १७६ किलोबाइट. फ्लॅक ही पद्धत आवाजातलं काहीही न गमावता फाइल लहान करते, तेव्हा प्रत्यक्षात डिस्कवरून याच्या साधारण ५० ते ६५ टक्केच वाचावं लागतं.

आता हाय-रेझोल्यूशनचं बघू. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची फाइल न आवळताही सेकंदाला १.१५ मेगाबाइट मागते. शौकीन लोकांची डीएसडी २५६ ही फाइल मागते सुमारे २.८ मेगाबाइट.

आणि डिस्क काय देते? जुनी लॅपटॉपची हार्ड डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइटच्या आसपास. साटा या जुन्या जोडणीची एसएसडी ५५०. एनव्हीएमई या नव्या जोडणीची जेन ३ (म्हणजे तिसरी पिढी) सुमारे ३,५००, जेन ४ सुमारे ७,०००, आणि जेन ५ मधल्या वरच्या दर्जाच्या १४,००० पर्यंत जातात. मधे घरचं नेटवर्क आहे, तेही विसरू नका. गिगाबिट लॅनमधून सेकंदाला ११०-११५ मेगाबाइटच्या वर काही जातच नाही, त्यामुळे डिस्क कितीही धावली तरी दारातच अडते.

घरातले चौघे चार खोल्यांत डीएसडी २५६ ऐकत बसले तरी मागणी ११-१२ मेगाबाइटच्या पुढे जात नाही. (असं घर असेल तर पत्ता कळवा, यायला आवडेल.)

मग हार्ड डिस्कच काय वाईट?

रास्त शंका आहे. नुसतं गाणं वाजवायला हार्ड डिस्क वेगाच्या बाबतीत पुरून उरते. एसएसडी जिंकते ती दुसऱ्या कारणांनी.

पहिलं कारण शांतता. हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते आणि वाचणारं डोकं इकडेतिकडे हलतं. रात्री खर्जातला विलंबित आलाप चालू असताना त्या खोलीत कपाटावरून येणारी कुरकुर ऐकली की माणूस दुसऱ्या दिवशी एसएसडी शोधायला लागतो. एसएसडीत हलणारं काहीच नाही. बराच वेळ कुणी ऐकत नसलं की हार्ड डिस्क झोपते आणि पहिल्या गाण्याला जागी व्हायला काही सेकंद घेते. एसएसडीत तेही नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, आणि जाहिरातीत त्याचा पत्ता नसतो. सर्व्हर सुरुवातीला सगळा संग्रह चाळतो, प्रत्येक फाइल उघडून आतली माहिती वाचतो. समजा ३०,००० फाइल्स आहेत. हार्ड डिस्कच्या डोक्याला एका जागेवरून दुसरीकडे जायला १२ मिलिसेकंद धरा, आणि एका फाइलसाठी दोनदा जावं लागतं असं धरा. नुसत्या जाण्या-येण्यात १२ मिनिटं गेली, वाचणं वेगळं. पुढे रोज तुम्ही 'यमन' शोधता, चारशे मुखपृष्ठं सरकवत बसता, तेव्हाही छोट्या छोट्या हजारो फाइल्सचाच मामला असतो. एसएसडीला डोकं हलवायचं नसल्याने ही वाट बघणं जवळपास संपतं. यासाठी सर्वांत साधी साटा एसएसडीही पुरे, कारण तिथून पुढे वेळ खातो तो प्रोसेसर.

म्हणून संग्रह फार मोठा असेल, चार-पाच टीबीच्या वर, तर माझा कौल मधल्या मार्गाला आहे. लिनक्स आणि संग्रहाची यादी २५६ जीबीच्या छोट्या एसएसडीवर ठेवायची आणि गाणी हार्ड डिस्कवर. एवढी मोठी हार्ड डिस्क जाड असते, लॅपटॉपात मावत नाही, तेव्हा ती बाहेरून यूएसबीने जोडायची. अर्थात सर्व्हर तुम्ही ऐकता त्या खोलीत नसावा.

साटा की एनव्हीएमई?

जी तुमच्या मशीनमध्ये बसेल ती. हे थट्टेने म्हणत नाही. निवड खरंच इथेच संपते.

साटा ही जुनी जोडणी, एनव्हीएमई ही नवी आणि वेगवान. जुन्या लॅपटॉपात अडीच इंची हार्ड डिस्कची जागा असते, तिथे अडीच इंची साटा एसएसडी जशीच्या तशी बसते. २०१०च्या आसपासचा लॅपटॉप असेल तर त्याची साटा जोडणी निम्म्या वेगाची निघू शकते. निघू दे, आपल्याला तीही भरपूर आहे.

घोटाळा होतो तो एम.२ मध्ये. एम.२ हे च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या कार्डाच्या आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. एकाच आकारात साटा कार्डही मिळतं आणि एनव्हीएमईही. लॅपटॉपच्या स्लॉटला फक्त साटा कळत असेल तर एनव्हीएमई कार्ड तिथे चालणारच नाही. साटा कार्डाच्या टोकाला साधारणपणे दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक. पण नुसत्या खाचेवर विसंबू नका, लॅपटॉपचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर बघा. लांबीही बघा: २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. २२४२ आणि २२३० ही आखूड भावंडं.

नवा मिनी पीसी घेणार असाल तर त्यात बहुधा एनव्हीएमईच लागेल. मग जेन ३ची घ्या, नसेल मिळत तर जेन ४मधली सर्वांत साधी. जेन ५ तापते, तिला जाड हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) लागतो, कधी छोटा पंखाही. आवाज नको म्हणून बिनपंख्याचा पीसी घ्यायचा आणि त्यात पंखा लागणारी एसएसडी बसवायची, हे कशासाठी? नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद कपाटातल्या डब्याचं काय होतं ते तिथल्यांना सांगायला नको.

'रास्पबेरी पाय' हा तळहाताएवढा कॉम्प्युटर वापरणाऱ्यांसाठी एवढंच, की 'पाय ४'च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअर करंट मिळतो. एसएसडीच्या जोडीला यूएसबीवर आणखी काही लावलं तर तो कमी पडू शकतो आणि डिस्क मधेच गायब होते. तेव्हा वेगळ्या वीजजोडाचा यूएसबी हब लावा.

टीएलसी, क्यूएलसी: स्वस्त एसएसडी लवकर मरते का?

एसएसडीत माहिती राहते ती सूक्ष्म कप्प्यांमध्ये अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपात. ही नँड फ्लॅशची कल्पना तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांच्या गटाची, १९८७ सालची. कप्पा म्हणजे पेला समजा. तो भरलेला आहे की रिकामा एवढंच बघायचं असेल तर एका नजरेत कळतं. हा झाला एक बिट. त्याच पेल्यात पाण्याच्या आठ पातळ्या ओळखायच्या ठरवल्या तर तीन बिट मावतात, ही टीएलसी. सोळा पातळ्या ओळखल्या तर चार बिट, ही क्यूएलसी. पेला तोच, साठा जास्त, म्हणून स्वस्त. पण पातळ्या इतक्या जवळजवळ आल्या की लिहिताना जपून लिहावं लागतं, म्हणून लिहिणं हळू होतं आणि पेला झिजला की चुका लवकर सुरू होतात.

झीज होते ती लिहिण्याने, वाचण्याने जवळजवळ नाही, आणि गाण्यांच्या सर्व्हरचं सगळं आयुष्य वाचण्यात जातं. कंपन्या 'टीबीडब्ल्यू' नावाचा आकडा देतात: वॉरंटीच्या काळात एकूण किती टेराबाइट लिहून चालतील. सॅमसंगच्या ८७० इव्हो या टीएलसी एसएसडीच्या १ टीबी मॉडेलला तो ६०० आहे. त्याच कंपनीच्या ८७० क्यूव्हीओ या क्यूएलसी भावंडाला ३६०. आता तुमचा हिशोब करा. पहिल्यांदा संग्रह भरला तेव्हा १ टीबी लिहिलं. पुढे महिन्याला १० जीबी नवी गाणी, म्हणजे वर्षाला ०.१२ टीबी. सर्व्हरच्या नोंदी, यादीतले बदल धरून हा आकडा दहापट केला तरी ३६० गाठायला तीन शतकं लागतील. त्याआधी एसएसडीतली कंट्रोलर चिप जाईल, लॅपटॉप जाईल, आपणही जाऊ.

मग फरक पडतो कुठे? वॉरंटीत: इव्होला ५ वर्षं, क्यूव्हीओला ३. आणि पहिल्या दिवशी संग्रह भरताना. १ टीबी क्यूव्हीओ पहिले ४० जीबीच्या आसपास झपाट्याने घेते, कारण तेवढा भाग ती तात्पुरता एक-बिटी पद्धतीने वापरते. तो भरला की वेग सेकंदाला ८० मेगाबाइटवर घसरतो. परीक्षणांत यावर रकाने भरलेले असतात. पण ५०० जीबी संग्रह या घसरलेल्या वेगाने भरायलाही पावणेदोन तासच लागतात, आणि तोच लॅनवरून भरला असता तर सव्वा तास लागला असता. जेवून या, झालेलं असेल.

डीरॅम असलेली एसएसडी की नसलेली, हा वादही इथे गैरलागू आहे. डीरॅम म्हणजे एसएसडीची स्वतःची चिमुकली स्मरणवही. सतत लिहिणाऱ्या मशीनला तिचा उपयोग होतो, गाण्यांना नाही.

किती टीबी घ्यावी?

फ्लॅकमध्ये एक सीडी ३०० ते ४०० मेगाबाइट होते. १ टीबीची डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दिसते, ही फसवणूक नाही, मोजण्याच्या दोन पद्धतींचा फरक आहे. एसएसडीला मोकळेपणाने काम करता यावं म्हणून १०-१५ टक्के जागा रिकामी ठेवा. म्हणजे १ टीबीत सव्वादोन-अडीच हजार सीडी झाल्या. बहुतेक घरांना हे जन्मभर पुरेल.

हिशोब बिघडतो तो कॅसेटींमुळे. ९० मिनिटांची कॅसेट २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवली तर कच्ची फाइल ३.१ जीबीची होते. फ्लॅक ती लहान करतं, पण कॅसेटची सळसळ आड येते. सळसळीत काही नेम नसतो, आणि ज्यात नेम नाही ते आवळता येत नाही. म्हणजे ज्या आवाजाचा आपल्याला वैताग येतो तोच सर्वांत जास्त जागा खातो! घरच्या कॅसेटींसाठी २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ पुष्कळ आहे, त्याने आकार निम्मा होतो. स्वच्छ करून, तुकडे पाडून झाल्यावर ऐकण्याची प्रत १६ बिटांची केली तरी काही हरवणार नाही, कारण कॅसेटचा आवाका १६ बिटांपेक्षा बराच लहान आहे.

"पण चांगल्या एसएसडीने आवाज खुलतो म्हणतात"

म्हणतात खरं. २०२२ मध्ये तर खास संगीतप्रेमींसाठी बनवलेल्या एका एसएसडीची बातमी झाली होती. तिच्यात १ टीबीच्या चिप्स मुद्दाम एक-बिटी पद्धतीने चालवून ३३३ जीबीच जागा ठेवलेली होती.

गाणं डिस्कवरून थेट स्पीकरमध्ये जात नाही. ते आधी सर्व्हरच्या रॅममध्ये येतं, मग नेटवर्कवरून तुकड्यातुकड्याने जातं. एखादा तुकडा बिघडला तर तो परत मागवला जातो. प्लेअर काही सेकंदांचा साठा स्वतःकडे ठेवतो, आणि आकड्यांपासून आवाज तयार करणारी डॅक चिप तो साठा स्वतःच्या घड्याळाच्या ठेक्यावर वाजवते. पटत नसेल तर गाणं चालू असताना सर्व्हरची लॅनची वायर उपसून बघा. गाणं थोडा वेळ चालूच राहतं. त्या क्षणी डिस्कचा आणि आवाजाचा काय संबंध उरला?

डिस्कने चूक केलीच तर 'खट्ट' असा आवाज येईल, किंवा फाइल उघडणार नाही. षड्ज जरा कमी गोलाईचा लागला, असं डिस्कमुळे होत नाही. फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाचा एमडी५ नावाचा गणिती ठसा असतो. दोन वेगवेगळ्या डिस्कवरच्या प्रती त्याच्याशी ताडून बघता येतात. ठसा जुळला तर दोन्हीकडे बिट न् बिट तोच आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. डॅक थेट सर्व्हरलाच यूएसबीने जोडलेला असेल तर कॉम्प्युटरमधला विद्युत गोंगाट वायरीतून तिथवर पोहोचू शकतो. गुणगुण, बारीक शीळ ऐकू येते. पण ती येते पॉवर सप्लाय, ग्राउंड, प्रोसेसर या सगळ्यांतून. त्यावर महाग एसएसडी हा उपाय नव्हे. सर्व्हर दुसऱ्या खोलीत हलवा आणि मधे लॅनची वायर टाका. लॅनच्या जोडणीत दोन्ही टोकांना छोटे ट्रान्सफॉर्मर असतातच.

बंद पडली तर?

हार्ड डिस्क मरायच्या आधी पुष्कळदा कण्हते. एसएसडी बऱ्याचदा काही न सांगता जाते: काल होती, आज दिसत नाही. त्यातून माहिती परत काढणंही अवघड आणि महाग. म्हणून दुसरी प्रत हवीच, आणि ती हार्ड डिस्कवर असावी. स्वस्त पडते, आणि कपाटात ठेवायला बरी. एसएसडी वीज न देता वर्षानुवर्षं ठेवून देण्याची वस्तू नाही. जेडेक या संस्थेचा मापदंड सांगतो, की घरगुती वापराच्या एसएसडीचं लिहिण्याचं आयुष्य पूर्ण संपल्यावरही तिने ३० अंश तापमानात, विजेशिवाय, १ वर्ष माहिती टिकवली पाहिजे. नवी एसएसडी याहून खूप जास्त टिकवेल. तरी कॅसेटला बुरशी लागते म्हणून एसएसडीवर उतरवायचं आणि ती दहा वर्षं ट्रंकेत टाकायची, असं करू नका.

दोन एसएसडींची रेड जोडी (दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं अशी) लावली म्हणजे प्रत झाली, असंही नाही. मुलाने चुकून अख्खा फोल्डर उडवला तर तो दोन्हीकडून एकाच क्षणी उडतो.

लिहिणं चालू असताना लाइट गेली तर संग्रहाची यादी बिघडू शकते. लॅपटॉपची बॅटरी शाबूत असेल तर तोच तुमचा यूपीएस. मात्र चोवीस तास चार्जिंगला लावलेली जुनी बॅटरी फुगते. सोय असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा, आणि कीबोर्ड मधे उचललेला दिसला की बॅटरी काढून टाका.

खोटा माल

भाव चढले की हा बाजार तेजीत येतो. ऑनलाइन '१६ टीबी पोर्टेबल एसएसडी' फडतूस किमतीत दिसते. उघडली तर आत यूएसबी सर्किटवर चिकटवलेलं मेमरी कार्ड निघतं. कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतला प्रोग्रॅम, खोटी क्षमता सांगतं, खरी जागा संपली की जुन्या फाइल्सवरच नव्या लिहीत जातं, आणि तुम्हाला ते महिन्यांनी कळतं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावच्या दुकानात जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या एसएसडीही मिळतात. त्या सरसकट वाईट नसतात. दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकटचा प्रोग्रॅम चालवायला सांगा. त्यात डिस्कची प्रकृती टक्क्यांत दिसते, किती तास चालली तेही कळतं, आणि बहुतेक मॉडेल्समध्ये किती लिहिलं गेलं तेही. गाण्यांच्या कामाला ९० टक्के प्रकृतीची डिस्क चालेल, पण पक्कं बिल आणि थोडी तरी वॉरंटी असल्याशिवाय घेऊ नका.

नवी असो वा जुनी, गाणी टाकण्याआधी डिस्क एकदा काठोकाठ भरून परत वाचून बघा. लिनक्सवर एफ३ आणि विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू हे प्रोग्रॅम नेमकं हेच करतात. १ टीबीला काही तास लागतात, तेव्हा रिटर्नची मुदत संपायच्या आत हे उरकून घ्या.